मिश्रीची डबी

मी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उभी हयात घातली, पण तंबाखूची चिमूट कधी ओठाखाली धरली नाही. विडी ओढली नाही. सुपारीसुद्धा खात नाही. ही गोष्ट मी चारचौघांत छाती पुढं काढून सांगत आलो. माझ्याबरोबर चाळणीवर असलेली कितीतरी माणसं खोकून खोकून गेली, आणि मी पंचाहत्तरी ओलांडून अजून उसाच्या बांधावरनं काठीशिवाय चालतो. शिक्षण माझं तिसरी. सही येते, पेपर वाचतो, आणि हे लिहितोय ते वहीच्या रेघा सोडून खालीवर जातंय. पण मूठभर चुरा नाकाजवळ धरला की तो काळ्या रानातला का माळावरचा, हे मी डोळे मिटून सांगायचो. मालक माझ्या तोंडाकडं बघत थांबायचा. असल्या माणसाला कुणी काय शिकवावं, असं मला वाटायचं. नातीच्या दुखण्यात तेच नडलं.

नात नऊ वर्षांची. मुलगा बेळगावात कारखान्यात कामाला, शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघंच: मी, सून आणि ती पोरगी.

दिवाळीनंतर पोरगी वाळायला लागली. आधी मला वाटलं, उंची वाढते म्हणून बारीक दिसते. मग शाळेतून आली की दप्तर उंबऱ्यात टाकून तिथंच बसायला लागली. माळ्याच्या चार पायऱ्या चढली की धाप. ताटात भाकरी वाढली की चतकोर मोडायची, आमटीत बुडवायची, आणि बोटांनी नुसती चिवडत बसायची. ओठ असे पांढरे, की पीठ लावल्यासारखे.

सून तिला निपाणीत डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. मीही गेलतो. बाईंनी पोरीची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त काढलं आणि म्हणाल्या, "रक्त फार कमी आहे. काय खाते ही?"

सून म्हणाली, "सगळं करून घालत्या बाई, पर खात न्हाय."

बाईंनी बरंच विचारलं. चहा पिते का, अनवाणी फिरते का, जंताची गोळी दिली का. मग विचारलं, "घरात कुणी तंबाखू वगैरे?"

सून "न्हाय" म्हणायच्या आत मीच बोललो, "आमच्या घरात तंबाखू? बाई, मी वखारीत उभा जलम काढला, पर चिमूट तोंडात घातली न्हाय. इचारा कुणालाबी."

बाई हसल्या, कागदावर काहीतरी लिहिलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली. जेवणाबरोबर चहा बंद करा म्हणाल्या, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजी, डाळ, नाचणी, अंडं, वर लिंबू पिळा. मी सगळं कान देऊन ऐकलं. मनात म्हटलं, आता बघतोच, माझ्या घरातली पोरगी कशी खात नाही.

घरी आल्या आल्या मी दप्तर उलटं केलं. खाली एक रिकामं पाकीट पडलं, ते पिवळ्या कुरकुरीत कांड्यांचं. मला काय पाहिजे होतं ते मिळालं.

"हे कोण देतंय हिला?"

सून भाजी निवडत होती. म्हणाली, "शनिवारी तिच्या बाबानं घेऊन दिलतं. एकच."

"एकच! असली एकएकच खाऊन पोरीचं आतडं वाळलं. भाकरी कशाला गोड लागंल मग?"

"आप्पा, आठवड्यातनं एकदा. बाकी मी देत न्हाय."

"तुज्या हातानं होत नसंल तर सांग. मी बघतो तिचं खाणं."

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाकीट घेऊन मी पाण्याच्या टाकीजवळ गेलो. आमच्या गल्लीतल्या बाया तिथं घागरी लावून बसलेल्या असतात. मी ते पाकीट सगळ्यांसमोर धरलं आणि म्हणालो, "बघा, आमच्या सूनबाईंचं रांधणं. पोरीच्या अंगात रक्त न्हाय का म्हणून इचारताय न्हवं? हे बघा." बाया हसल्या. सून मागनं घागर घेऊन येत होती. ती तशीच माघारी फिरली. त्या दिवशी तिनं पाणी उशिरा, सगळ्या गेल्यावर भरलं.

पुढं दोन महिने पोरीचं खाणं माझ्या हातात. नाचणीची आंबील मी स्वतः ढवळायचो. शेजारच्या खुराड्यातलं ताजं अंडं. शेंगदाण्याचा आणि गुळाचा लाडू. मेथी, राजगिरा, हरभऱ्याचा कोवळा पाला. मी पाट टाकून समोर बसायचो. पोरगी दोन घास खायची, तिसरा तोंडात फिरवत बसायची. लोहाची गोळी घेतली की मळमळ, कधी कधी आंबीलसुद्धा बाहेर. मी दरडावलं की डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "आज्जा, भूकच न्हाय लागली."

मला त्या बोलण्याचा राग यायचा. आमच्या लहानपणी भूक लागायची आणि भाकरी नसायची. हिच्यापुढं ताट वाढलेलं आहे, आणि भूक नाही!

आता इथं सकाळची गोष्ट सांगायला पाहिजे. त्या वेळी ती मला सांगण्यासारखी वाटली नव्हती, एवढाच फरक.

परसात एक दगडी पायरी आहे. पहाट फुटली की मी तिथं बसून मिश्री लावतो. मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, फडक्यातनं गाळायची आणि त्या पुडीनं दात घासायचे. आमच्याकडं घरोघर चालतं, बायांत तर जास्तच. माझी मिश्री मी स्वतः भाजतो. पान कुठलं घ्यायचं, तवा कधी उतरायचा, हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. पितळी डबी, आईची. नात पाच वर्षांची असताना तिची दाढ किडली होती. रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मी हिरडीवर चिमूटभर मिश्री दाबली. दोन मिनिटांत पोरगी गप्प. तेव्हापासून ती रोज सकाळी माझ्या शेजारी येऊन बसायची आणि बोट पुढं करायची. तिची आई ब्रश आणि पेस्ट द्यायची, तेही ती करायची, आधी किंवा नंतर. आम्ही दोघं काळ्या तोंडानं एकमेकांना वेडावून दाखवायचो. शाळा, मैत्रिणी, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, सगळं ती मला त्या पायरीवर सांगायची. आईला सांगू नको, चूळ भरून मगच आत जा, एवढं मी तिला म्हटलं होतं. सूनबाई शिकलेली, तिला आवडलं नसतं. बाकी त्यात काही लपवण्यासारखं आहे असं मला वाटत नव्हतं. तंबाखू खाणं वेगळं आणि मिश्री लावणं वेगळं. ते दात घासणं. कुणालाही विचारा, आमच्यात असंच सांगतील.

शाळेतून फोन आला तो गुरुवार होता. खेळाच्या तासाला पोरगी चक्कर येऊन पडली. मी आणि सून धावत गेलो. पोरगी टीचरच्या खोलीत बाकावर पडली होती, कपाळाला खोक. मला बघून म्हणाली, "आज्जा, मी नुसती उभी व्हते." तिचा हात हातात घेतला, तर थंडगार आणि चिपाडासारखा हलका.

निपाणीला नेलं. परत रक्त काढलं. पहिल्यापेक्षा कमी निघालं. डॉक्टरीणबाई या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन महिने गोळ्या चालू असून उतरतंय, म्हणजे मला काहीतरी सापडत नाहीये. उद्या उपाशीपोटी आणा, पोटाचं स्कॅनिंग करू. अजून खाली गेलं तर बेळगावला पाठवीन. तिथं दाखल करून रक्त चढवावं लागेल, आणि मग पुढच्या मोठ्या तपासण्या."

मोठ्या तपासण्या म्हणजे काय, ते आम्ही विचारलं नाही. सुनेचा चेहरा पोरीपेक्षा पांढरा झाला. तिनं मुलाला फोन लावला. तो रजा टाकून रात्रीच्या गाडीनं आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं सकाळी साडेसातला दवाखान्याच्या बाकावर. गर्दी होती. नर्स कानडी, तिनं पोरीच्या गालावरनं हात फिरवून विचारलं, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. मी म्हणालो, "इल्ला, उपाशीच आणलंय." मुलगा आणि सून खिडकीपाशी कागद करत उभे होते. गडबडीत त्या सकाळी आमची पायरी चुकली होती. माझं डोकं ठणकत होतं. पोरगी चुळबुळत होती, नखं कुरतडत होती. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली,

"आज्जा, भूक लागल्या. डबी आणल्या काय?"

मी म्हणालो, "भूक लागल्यावर डबी कशाला गं?"

"चिमूटभर लावली की जात्या न्हवं भूक. दिवाळीपासनं शाळेत बी मी कागदात बांधून न्हेत्या. मधल्या सुट्टीत."

ती हे असं बोलली, की जसं कुणी सांगावं, ऊन लागतंय म्हणून टोपी घालते.

हे मला नवीन नव्हतं. आम्ही पाच भावंडं. आई वखारीत तंबाखू निवडायला जायची. संध्याकाळी पीठ नसलं की ती तवा चुलीवर ठेवायची, पण भाकरीसाठी नव्हे. ओच्यातनं आणलेली पानं भाजायची, चुरायची आणि आम्हा पाचही जणांच्या तळहातावर एक एक चिमूट ठेवायची. "लावा रं बाळांनो. जरा वेळानं भूक न्हाय लागायची." आणि खरंच लागायची नाही. हीच डबी. मिश्रीनं भूक मरते हे मला पाच-सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. डॉक्टरीणबाईंच्या आधी मला माहीत होतं. आणि दोन महिने मी समोर पाट टाकून बसलो होतो, पोरगी का खात नाही म्हणून.

डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मी हात वर घेतला आणि ती दाबून धरली. पोरीला म्हणालो, "न्हाय आणली."

स्कॅनिंग झालं. त्यात काही निघालं नाही. आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "पोट ठीक आहे. मग हिला भूक का नाही? बाई, खरं सांगा, गोळ्या रोज देता ना? डब्यात काय देता?"

सून म्हणाली, "देत्या हो बाई. देवाशपथ देत्या." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मुलगा तिच्याकडं बघून एकदम तडकला. "रडून काय हुतंय? आप्पा पयल्यापासनं सांगत्यात, बाहेरचं द्यू नगो म्हणून. तुझं ध्यानच न्हाय पोरीकडं. आता बेळगावला घाला दवाखान्यात!"

माझंच बोलणं, माझ्या मुलाच्या तोंडून. पोरगी आईच्या मांडीला चिकटून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. डॉक्टरीणबाईंनी बेळगावच्या चिठ्ठीसाठी कागद पुढं ओढला.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. उद्यापासून पोरीला डबी द्यायची नाही, हळूहळू सुधारेल, आणि सगळे म्हणतील की बेळगावच्या डॉक्टरांनी बरी केली. हा विचार माझ्या मनात आला. आला होता, हे इथं लिहून ठेवतो. पण तिकडं त्या पोरीच्या हातात सुया टोचणार, कशासाठी ते कुणालाच माहीत नसणार, माझ्याशिवाय.

मी डबी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय, आजोबा?"

"मिश्री. ही लावत्या. माझ्याबरुबर. चार वरसं झाली." डबी मी बाईंच्याकडं सरकवली. "शाळेत बी न्हेत्या म्हणं. भूक मारायला."

बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, परत झाकलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी उलटून बोललो असतो, ते मला येतं.

"आजोबा, मी पहिल्या दिवशी तंबाखूचं विचारलं होतं."

"ही तंबाखू धरत न्हाई आमच्यात."

"तुम्ही धरा न धरा, शरीर धरतं. भाजली म्हणून ती मिठाई होत नाही. हिच्याएवढ्या पोरीची भूक मरणार, पोट बिघडणार. मग गोळी कशी ठरणार आणि अंडं काय करणार?" मग त्या सुनेकडं वळल्या. "रक्त कमी होण्याला हे एकच कारण असेल असं मी म्हणत नाही. पण आधी हे बंद करू. बेळगावची चिठ्ठी पंधरा दिवस थांबवते. तोवर चक्कर आली, धाप वाढली, तर त्याच मिनिटाला आणायचं." आणि परत मला, "बंद दोघांनी करायचं. तुम्ही पायरीवर बसून लावत राहिलात तर ही सोडणार नाही."

बाहेर आलो. मुलगा माझ्याशी बोलेना, बायकोशीही बोलेना. त्याची त्यालाच लाज वाटत असावी. एसटी स्टँडवर तो तिकिटाची चौकशी करायला गेला, तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही.

"आप्पा, पाकीट घेऊन टाकीजवळ गेलता न्हवं तुमी?"

"व्हय."

"मग आता डबी घेऊन बी जावा."

मी म्हणालो, "बघू." बघू म्हणजे नाही, हे तिला दहा वर्षांच्या संसारात चांगलं कळलेलं होतं.

गेलो नाहीच मी. डबीही टाकली नाही. मी काय व्यसनी माणूस आहे, मला वाटलं तेव्हा सोडीन, म्हणून ती वर आढ्याच्या खाचेत ठेवून दिली. पहिला दिवस निघाला. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की उजेड नको वाटावा. हात थरथरत होते. चहात साखर नाही म्हणून कप आपटला, साखर होती. पोरगीही तशीच. ताट ढकलायची, आईवर ओरडायची, कोपऱ्यात तोंड घालून मुसमुसायची. आम्ही दोघं घरात समोरासमोर आलो की नजर चुकवायचो. सून मधे उभी राहून दोघांना सांभाळत होती. पोरीच्या तोंडात बडीशेप, खोबऱ्याचा तुकडा, काही ना काही देत होती. मला मात्र काही विचारत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी स्टूल घेतलं आणि आढ्याला हात घातला. डबी काढली. झाकण उघडलं. वासानंच डोकं हलकं झालं, खोटं कशाला सांगू. बोट बुडवलं आणि खाली उतरलो, तर दारात पोरगी. शाळेतनं लवकर सोडलं होतं. दप्तर पाठीवर तसंच.

तिनं बोट पुढं केलं. "आज्जा, मला बी."

पुढं आलेलं ते बोट बघितलं. नख पांढरं फटक. माझ्याच शेजारी बसून शिकलेलं बोट ते.

मी तिच्या अंगावर ओरडलो. तिची चूक काय? पण ओरडलो. ती दचकून मागं सरली. मग मी तिचा हात धरला आणि परसात गेलो. सून तिथं भांडी घासत होती. तिच्यासमोर डबी उकिरड्यावर उपडी केली, वर शेण लोटलं. सूनबाईनं नुसती मान वर केली, परत तव्याची काजळी घासायला लागली. एवढ्यावर ती मला सोडणार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी डबी घेऊन मी टाकीजवळ गेलो. सात-आठ बाया होत्या. निम्म्यांची बोटं तोंडात, गाल काळे. मला बघून त्यातली एक म्हातारी म्हणाली, "काय आप्पा, आज काय आणलंय दावायला?"

"डबी," मी म्हणालो. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाकिटाचं मी खोटं बोललो होतो, सुनेचा काही दोष नव्हता, पोरीची भूक माझ्या मिश्रीनं मारली. बोलताना मी टाकीच्या तोटीकडं बघत होतो. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "आता उतारवयात आप्पांना शानपण सुचलं की गं!" हसू दिलं.

ती म्हातारी थुंकून म्हणाली, "आमच्या आया लावत आल्या, आमी लावतो. आमाला काय झालं?"

"आमच्या आयांला आमची भूक मारायची गरज व्हती, आक्का. घरात पीठ नव्हतं. माझ्या नातीम्होरं ताट वाढल्यालं हाय."

एका तरण्या बाईच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर होतं, आईचं बोट ओढून स्वतःच्या तोंडात घालायला बघत होतं. तिनं ते बोट हळूच लुगड्याला पुसलं. पुसून परत लावलं असेल, मला माहीत नाही.

माझी डोकेदुखी जायला महिना लागला. अजूनही पहाटे त्या पायरीवर बसलो की हात खिशाकडं जातो. पोरगी ब्रश घेऊन येते, शेजारी बसते आणि मलाही एक ब्रश देते. मला त्या पेस्टची चव आवडत नाही, हे मी तिला रोज सांगतो. पंधरा दिवसांनी निपाणीला गेलो, तर रक्त उतरायचं थांबलं होतं. चढलंय म्हणाव्या इतकं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बेळगावची चिठ्ठी फाडली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवा, महिन्यानं परत या.

परवा टाकीजवळनं जाताना त्याच म्हातारीनं हाक मारली. तिचं बोट तोंडातच होतं.

"आप्पा, किती भाकरी खात्या आता पोरगी?"

"अर्धी," मी म्हणालो. "काल चतकोर वर मागितली. आईकडनं."